गुठळीचा पहिला टाका: रक्तातली प्रथिने वाहिनीच्या भिंतीला कशी धरतात?

गुठळी हा शब्द बातम्यांतून वारंवार कानावर पडतो. कोणाच्या हृदयाच्या धमनीत गुठळी अडकते, कोणाच्या पायातली गुठळी सुटून फुप्फुसापर्यंत जाते, आणि कोविडच्या साथीत तर हा शब्द घरोघरी पोचला. अशी बातमी वाचली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येते: रक्त कशामुळे तरी दाट झाले, वाहता वाहता साकळले आणि वाटेत तुंबले. या चित्रात रक्तवाहिनी म्हणजे एक निर्जीव नळी असते आणि सगळा दोष रक्ताच्या दाटपणावर जातो.

हे चित्र मुळातून दुरुस्त करायला हवे. रक्त गोठवण्याची सामग्री निरोगी माणसाच्या रक्तातही अहोरात्र हजर असते. गुठळीचे जाळे ज्यापासून विणले जाते ते फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन रक्तद्रवात लिटरमागे साधारण २ ते ४ ग्रॅम असते. जखम बुजवणाऱ्या प्लेटलेट, म्हणजे रक्तातल्या अतिसूक्ष्म चकत्या, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख असतात. इतके सगळे वाहिनीच्या भिंतीला घासून क्षणोक्षणी पुढे जात असते आणि तरीही भिंतीला काहीच चिकटत नाही. मात्र त्याच भिंतीला बारीकशी चीर पडली की काही सेकंदांत नेमक्या त्याच ठिकाणी प्लेटलेट येऊन बसतात. तेव्हा विचारायचा प्रश्न असा की भिंतीच्या बाजूने वेगाने वाहून जाणाऱ्या प्रथिनांना थांबायची जागा सापडते कशी, आणि सापडल्यावर ती प्रवाहात टिकून राहतात कशी.

भिंत गप्प बसलेली नसते

रक्तवाहिनी जाड असो वा केसाहून बारीक, तिच्या आतल्या बाजूला सपाट पेशींचा एकपदरी थर असतो. त्याला अंतःस्तर म्हणतात. रक्ताला जो काही स्पर्श होतो तो या थराचाच होतो, त्याच्या मागे काय आहे हे रक्ताला एरवी कळतही नाही.

हा थर गुळगुळीत असतो म्हणून रक्त चिकटत नाही, असे पूर्वी मानले जाई आणि आजही अनेकदा सांगितले जाते. गुळगुळीतपणा पुरेसा असता तर स्वच्छ काचेच्या नळीत काढलेले रक्त गोठले नसते. काच अंतःस्तराइतकीच गुळगुळीत दिसते, पण तिच्यात ठेवलेले रक्त काही मिनिटांत साकळते. अंतःस्तराच्या पेशी सतत काम करत असतात. त्या नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही दोन द्रव्ये सोडतात आणि त्यांच्यामुळे जवळून जाणाऱ्या प्लेटलेट शांत राहतात. त्यांच्या पृष्ठभागावर हेपरिन या गोठणरोधक द्रव्याच्या जातीच्या साखळ्यांचे आवरण असते, आणि रक्तातले अँटिथ्रॉम्बिन हे गोठणरोधक प्रथिन त्यांना धरून अधिक जोमाने काम करते. थोडक्यात, रक्त वाहते राहणे ही भिंतीने रोज, प्रत्येक क्षणी कमावलेली गोष्ट आहे.

या पेशींची दुसरी बाजू मात्र अगदी उलट आहे. रक्त थांबवण्याचे पहिले साधनही त्यांनीच पोटात साठवून ठेवलेले असते. १९६४ मध्ये एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पलाडे यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून या पेशींत लांबट, कांडीसारख्या पिशव्या दिसल्या. त्यांच्यात नेमके काय आहे हे पुढे बऱ्याच वर्षांनी उलगडले. त्या पिशव्यांत एक दोर गुंडाळून ठेवलेला असतो, त्याच्याकडे आपण लवकरच येऊ.

गिलावा निघाला की विटा दिसतात

कागदाची कड बोटावरून सर्रकन फिरते तेव्हा काय होते ते आठवून पाहा. पहिला क्षण नुसती पांढरट रेघ दिसते, रक्त नसते. मग त्या रेघेवर एका टोकाला लाल ठिपका उमटतो, फुगून मण्यासारखा होतो आणि ओघळतो. पुसला तर पुन्हा मणी येतो, पण आधीपेक्षा लहान आणि सावकाश. काही मिनिटांत तो येईनासा होतो.

या काही मिनिटांत आत घडलेली गोष्ट अशी की वाहिनीचा अंतःस्तर फाटला आणि त्याच्या मागचा भाग रक्तासमोर उघडा पडला. भिंतीचा गिलावा निघाल्यावर आतल्या विटा दिसाव्यात तसे हे आहे. या विटांमध्ये दोन वस्तू महत्त्वाच्या. पहिली कोलॅजेन, म्हणजे त्वचा, हाडे, स्नायुबंध या सगळ्यांना ताकद देणारे दोरखंडासारखे प्रथिन. दुसरी टिश्यू फॅक्टर नावाचे प्रथिन, जे वाहिनीच्या बाहेरच्या बाजूच्या पेशींच्या आवरणात रुतून बसलेले असते. निरोगी वाहिनीत रक्ताची आणि या दोघांची गाठ कधी पडत नाही. गाठ पडली याचा अर्थ भिंत फुटली, आणि शरीर तो अर्थ शब्दशः घेते.

टिश्यू फॅक्टरला रक्तातला सातवा गोठण घटक, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या क्रमांक दिलेल्या प्रथिनांपैकी एक, येऊन धरतो आणि तिथून रासायनिक साखळी सुरू होते. कोलॅजेनचे काम वेगळे आहे. त्याला प्लेटलेटना थांबवायचे असते, आणि इथे एक मोठी अडचण उभी राहते. प्लेटलेटच्या पृष्ठभागावर कोलॅजेनला धरणारे आकडे असतात, पण धमनीतला प्रवाह इतका जोराचा असतो की त्या आकड्यांना अडकायला सवडच मिळत नाही. भरधाव निघालेल्या गाडीतून रस्त्याकडेचा खांब हाताने धरायचा म्हटले तर जे होईल तेच प्लेटलेटचे होते. तिला आधी कोणीतरी मंद करायला हवे.

वाहत्या रक्तातला गुंडाळलेला दोर

हे काम करणाऱ्या प्रथिनाचे नाव फॉन विलेब्रांड घटक. वाचकांच्या सोयीसाठी यापुढे मी त्याला ‘दोर’ म्हणेन, कारण तो दिसायलाही तसाच आहे.

नाव पडले ते एका फिनिश डॉक्टरावरून. १९२४ मध्ये एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे फिनलंडच्या ओलांड बेटांवरून एका पाच वर्षांच्या मुलीला आणले गेले. तिला आणि तिच्या कुटुंबातल्या अनेकांना रक्तस्रावाचा त्रास होता. हिमोफिलिया हा रक्त न थांबण्याचा तेव्हा माहीत असलेला आनुवंशिक विकार प्रामुख्याने पुरुषांत दिसतो, इथे मात्र स्त्रियाही सापडल्या होत्या, आणि मुलीच्या रक्तात प्लेटलेटची संख्या नेहमीइतकीच होती. विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये हा वेगळा विकार असल्याचे प्रसिद्ध केले. ती मुलगी पुढे तेराव्या वर्षी मासिक पाळीतल्या रक्तस्रावाने दगावली. दोष प्लेटलेटमध्ये की वाहिनीच्या भिंतीत, हा प्रश्न तीसेक वर्षे तसाच राहिला. १९५७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी निरोगी रक्तद्रवातला एक अंश अशा रुग्णांना दिला आणि रक्तस्राव आटोक्यात आला. हिमोफिलियाच्या रुग्णाच्या रक्तद्रवातून काढलेल्या अंशानेही तोच परिणाम साधला. प्लेटलेट ठीक होत्या आणि भिंतही ठीक होती, उणीव होती ती दोघांना जोडणाऱ्या प्रथिनाची.

हा दोर रक्तातल्या सर्वांत मोठ्या प्रथिनांपैकी आहे. त्याचा एक सुटा तुकडा २,०५० अमिनो आम्लांचा असतो. असे तुकडे आधी जोडीने आणि मग जोडीला जोडी लावून गुंफले जातात. रेणूंचे वजन किलोडाल्टन या एककात मोजतात. ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचे वजन सुमारे ६४ किलोडाल्टन असते, तर हा दोर ५०० पासून थेट २०,००० किलोडाल्टनपर्यंत जातो. त्याची लांबी हीच त्याची ताकद आहे, कारण प्रत्येक तुकड्यावर पकडीच्या जागा आहेत आणि जितके तुकडे अधिक तितक्या पकडी अधिक.

एक पकड कोलॅजेनसाठी आहे, दुसरी प्लेटलेटसाठी. मग रक्तात तरंगताना हा दोर प्लेटलेटना का धरत नाही? धरला असता तर रक्त जागच्या जागी साकळले असते. कारण असे की तरंगताना तो सैल लोकरीच्या गुंड्यासारखा आटोपशीर गोळा होऊन असतो आणि प्लेटलेटला धरणारी पकड झाकलेली असते. तो उलगडतो ते भिंतीला अडकल्यावर. त्याचा एक भाग उघड्या पडलेल्या कोलॅजेनला चिकटतो, उरलेला भाग प्रवाहात राहतो, आणि वाहते रक्त त्या गुंड्याला ओढू लागते. नदीच्या काठाला एक टोक बांधून दोराचा गुंडाळा पाण्यात टाकावा आणि प्रवाहानेच तो सरळ ताणून धरावा, तसे होते. दोर ताणला जातो, झाकलेल्या पकडी एकेक करून उघडतात आणि जवळून जाणाऱ्या प्लेटलेट त्यांना अडकू लागतात.

इथे प्रवाहाबद्दल एक गोष्ट समजून घ्यायला हवी. वाहिनीत रक्त सगळीकडे सारख्या वेगाने वाहत नाही. मध्यभागी ते सर्वांत जोरात असते आणि भिंतीलगत जवळजवळ थांबलेले. शेजारशेजारच्या थरांच्या वेगात असा फरक असला की त्यांच्यामध्ये सापडलेली लांब वस्तू एका बाजूने ओढली जाते. या ओढीला कर्तन ताण म्हणतात. अरुंद धमन्यांत तो सर्वांत तीव्र असतो. शिवाय तांबड्या पेशी मध्यभागी दाटी करत असल्यामुळे लहानशा प्लेटलेट आपोआप कडेला, भिंतीजवळ ढकलल्या जातात. जिथे दोर ताणला जाणार तिथेच प्लेटलेटची गर्दी आधीपासून असते, आणि या जुळणीने मी आजही थक्क होतो.

प्लेटलेट आणि दोर यांच्यातली पकडही साधी नाही. आपण दोन गाठी ओळखतो. सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ ओढली की आवळते. रेणूंमधले बहुतेक बंध सुरगाठीसारखे असतात, जोर लावला की लवकर तुटतात. दोराची प्लेटलेटवरची पकड एका मर्यादेपर्यंत निरगाठीसारखी वागते, म्हणजे ओढ वाढली की बंध अधिक वेळ टिकतो. मर्यादा ओलांडली की तोही तुटतो, पण तोवर शेजारची पकड लागलेली असते.

प्रयोगशाळेत हे प्रत्यक्ष पाहता येते. काचेच्या पट्टीवर कोलॅजेनचा पातळ थर देतात, प्लेटलेटना चमकणारा रंग लावतात आणि पट्टीवरून रक्त धमनीच्या वेगाने वाहवतात. रक्तात दोर नसेल तर चमकणारे ठिपके नुसते सरसर निघून जातात. दोर असला की एखादा ठिपका अचानक मंदावतो, कोलांट्या घेत थोडा पुढे सरकतो, पुन्हा अडखळतो आणि शेवटी थांबतो. त्याच्यामागे दुसरा थांबतो, मग तिसरा, आणि मिनिटाभरात पट्टीवर ठिपक्यांची बेटे तयार होतात. त्या अडखळण्याच्या काळातच प्लेटलेटचे इतर आकडे कोलॅजेनला पोचतात आणि ती पक्की बसते. कोलॅजेनच्या स्पर्शाने ती जागी होते, चपटी होऊन हातपाय पसरते, पोटातली रसायने बाहेर सोडते आणि पुढच्या प्लेटलेटला बोलावते.

दोर वेळेवर कापणारी कात्री

इतका प्रभावी दोर शरीरात मोकळा सोडणे धोक्याचे आहे, म्हणून त्याच्यासोबत एक कात्रीही फिरत असते. अंतःस्तराच्या पेशी पिशव्यांतून ताजा दोर सोडतात तेव्हा तो अतिशय लांब असतो, आणि प्रवाहात ताणला गेल्यावर त्याचे धागे शेकडो मायक्रोमीटरपर्यंत पसरू शकतात. तुलनेसाठी, तांबड्या पेशीची रुंदी ७ ते ८ मायक्रोमीटर असते. हा लांब धागा एडॅम्टीएस-१३ नावाचे विकर ठरावीक जागी कापून आटोक्यात आणते. कापायची जागाही गुंडाळलेल्या अवस्थेत दडलेली असते आणि दोर ताणल्यावरच उघडी पडते. ज्या ओढीने दोर कामाला लागतो त्याच ओढीने तो कापण्यासाठीही पुढे येतो.

ही कात्री बोथट झाली तर काय होते ते एका विकारातून दिसते. न्यूयॉर्कमध्ये एलाय मॉश्कोविट्झ यांनी एका सोळा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या बारीक वाहिन्यांत जागोजागी सूक्ष्म गुठळ्या पाहिल्या आणि त्यांचे वर्णन केले, तेही १९२४ मध्येच. एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना दोन मुली डॉक्टरांपुढे होत्या, एकीच्या रक्तात दोर नव्हता आणि दुसरीच्या विकारात दोर कापला जात नव्हता, पण या दोन गोष्टींचा संबंध लावायला पुढे कित्येक दशके लागली. या दुसऱ्या विकाराला टीटीपी म्हणतात. त्यात न कापलेल्या दोरांवर प्लेटलेट अडकून संपत जातात, त्यामुळे एकीकडे गुठळ्या आणि दुसरीकडे प्लेटलेटची टंचाई असे विलक्षण चित्र दिसते. उपचाराविना बहुतेक रुग्ण दगावतात. रक्तद्रव बदलण्याच्या उपचाराने, म्हणजे नवी कात्री पुरवून, बहुतेकांना वाचवता येते. दोराची प्लेटलेटवरची पकडच झाकून टाकणारे कॅप्लासिझुमॅब हे औषध २०१८ मध्ये युरोपात मान्य झाले.

उलट टोकही आहे. हृदयाची महाधमनीची झडप अरुंद झाली की तिच्यातून रक्त अतिशय वेगाने सुटते, दोर पुन्हापुन्हा ताणला जातो आणि गरजेपेक्षा जास्त कापला जातो. रक्तात आखूड तुकडे उरतात आणि अशा रुग्णांना आतड्यातून रक्तस्राव होऊ शकतो. अरुंद झडप आणि हा रक्तस्राव एकत्र आढळतात हे एडवर्ड हाइड यांनी १९५८ मध्ये नोंदवले होते. झडप बदलली की अनेकांचा रक्तस्राव थांबतो, आणि याचे कारण दोराच्या गणितात आहे हे कळायला बराच काळ जावा लागला.

प्लेटलेट बसल्या, आता जाळे कुठे विणायचे?

प्लेटलेटचा ढीग हा कच्चा बांध असतो. त्याला पक्के करते ते फायब्रिनचे जाळे, आणि ते विणणारे गोठण घटकही मोकळ्या रक्तात काम करत नाहीत. त्यांना बसायला जागा लागते. ती जागा जाग्या झालेल्या प्लेटलेटच पुरवतात.

प्रत्येक पेशीच्या आवरणाला दोन पदर असतात. फॉस्फेटिडिलसेरीन नावाचा ऋण प्रभाराचा स्निग्ध पदार्थ एरवी आतल्या पदरात ठेवलेला असतो. प्लेटलेट जागी झाली की तो बाहेरच्या पदरात येतो, जणू अस्तर उलटून बाहेर दिसावे. दुसरा, सातवा, नववा आणि दहावा या गोठण घटकांच्या एका टोकालाही ऋण प्रभाराचे गट असतात. ऋण आणि ऋण एकमेकांना दूर सारतात, पण मध्ये कॅल्शियमचे धन प्रभाराचे कण आले की ते दोन्ही बाजूंना धरून टाके घालतात. घटक प्लेटलेटच्या पाठीवर शेजारी शेजारी बसतात आणि साखळी वेग घेते. दहावा घटक एकटा असताना थ्रॉम्बिन बनवण्याचे काम ज्या संथपणे करतो, त्याच्या सुमारे तीन लाख पट वेगाने ते या पृष्ठभागावर, साथीदार घटकासह होते. थ्रॉम्बिन मग फायब्रिनोजेनचे फायब्रिन करते आणि जाळे विणले जाते.

रक्त तपासणीला देताना निळ्या टोपणाची नळी पाहिली असेल तर तिच्यात सायट्रेट असते. ते कॅल्शियमला धरून ठेवते, टाके पडत नाहीत आणि नळीतले रक्त गोठत नाही.

घटकांच्या टोकाचे ते ऋण प्रभाराचे गट यकृतात तयार होतात आणि त्यासाठी ‘के’ जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले तर घटक बनतात, रक्तात फिरतातही, पण त्यांना पृष्ठभागाला धरता येत नाही. नवजात बाळाच्या शरीरात हे जीवनसत्त्व फार कमी असते, म्हणून जन्मल्यावर त्याचे इंजेक्शन दिले जाते. वॉरफरिन हे गुठळी रोखणारे औषधही नेमका हाच दुवा कमजोर करते.

मग गुठळी वाहिनीभर का पसरत नाही?

ही शंका रास्त आहे, कारण थ्रॉम्बिन स्वतःच आणखी थ्रॉम्बिनला चालना देते. पसरणे थांबते ते जखमेच्या कडेला, जिथे शाबूत अंतःस्तर पुन्हा सुरू होतो. त्या पेशींवर थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचे प्रथिन असते. थ्रॉम्बिन वाहून तिथे पोचले की ते त्याला धरते आणि त्याच्याकडून उलटे काम करून घेते: थ्रॉम्बिन आता फायब्रिन बनवत नाही, ते प्रोटीन सी या गोठणरोधकाला जागे करते. शिवाय सुटे घटक प्रवाहाबरोबर विरळ होतात आणि अँटिथ्रॉम्बिन त्यांना निकामी करते. गुठळीत तयार होणारे प्लाझ्मिन हे विकर पुढे सावकाश जाळे कुरतडून जागा मोकळी करते. सीमा आखते ती भिंतच.

जखम नसतानाही गुठळी होते, त्याचे काय?

बाहेरून जखम दिसत नाही, इतकेच खरे. हृदयाच्या धमनीत भिंतीच्या आत साठलेल्या मेदाच्या थरावर तंतूंचे टोपण असते. ते टोपण फाटले की कोलॅजेन आणि टिश्यू फॅक्टर एकदम रक्तासमोर येतात. शरीराच्या दृष्टीने ही बोटावरच्या चिरेसारखीच चीर आहे आणि ते तिला तोच उपचार करते, पण तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या धमनीत तो उपचार जिवावर बेततो. कोलेस्टेरॉल स्वतः गुठळी होत नाही. त्याने भिंत फाटण्याजोगी केलेली असते.

पायाच्या खोल शिरांत गोष्ट वेगळी असते. तिथे अंतःस्तर बहुधा फाटलेला नसतो. दीर्घकाळ हालचाल थांबली, मोठी शस्त्रक्रिया झाली किंवा शरीरात तीव्र दाह असला की शिरांच्या झडपांच्या खोबणींत रक्त रेंगाळते, ऑक्सिजन कमी पडतो आणि तिथल्या पेशी आपला शांत चेहरा बदलतात. त्या पिशव्यांतला दोर बाहेर टाकतात, पांढऱ्या पेशींना धरणारे आकडे पृष्ठभागावर आणतात, आणि त्या पांढऱ्या पेशी टिश्यू फॅक्टर घेऊन येतात. म्हणून धमनीतली गुठळी प्लेटलेटने भरलेली आणि फिकट असते, तर शिरेतली फायब्रिन आणि तांबड्या पेशींनी भरलेली, लाल असते. कोविडमध्येही विषाणूने आणि दाहाने अंतःस्तराला इजा झाल्याचे आणि रक्तातली दोराची पातळी खूप वाढल्याचे आढळले.

‘रक्त पातळ करणारी’ औषधे रक्त पातळ करतात का?

करत नाहीत, आणि हे नाव बदलावे असे मला मनापासून वाटते. ही औषधे घेतल्यावर रक्ताचा दाटपणा जसाच्या तसा राहतो. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेटची एकमेकींना बोलावण्याची क्षमता कमी करतात. हेपरिन अँटिथ्रॉम्बिनला जोर देते. वॉरफरिन घटकांची पृष्ठभागावरची पकड काढून घेते. प्रत्येक औषध वेगळ्या टप्प्यावर काम करत असल्यामुळे एकाच्या जागी दुसरे घेणे किंवा ‘आता रक्त पुरेसे पातळ झाले’ असे समजून गोळी मनानेच बंद करणे धोक्याचे ठरते. धमनीत धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवल्यावर दोन प्लेटलेटरोधक औषधे काही महिने का देतात हेही यातून कळते: त्या धातूवर अंतःस्तराचे आवरण चढेपर्यंत रक्ताला उघडा परका पृष्ठभाग दिसत असतो. भरपूर पाणी पिणे शरीराला चांगलेच आहे, पण ते या औषधांची जागा घेऊ शकत नाही.

नेहमीच्या तपासण्यांत हा दोष का दिसत नाही?

रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या, म्हणजे पीटी आणि एपीटीटी, नळीत होतात. नळीत भिंत नसते, कोलॅजेन नसते आणि प्रवाहही नसतो. त्यामुळे दोराची उणीव असलेल्या अनेकांचे हे दोन्ही अहवाल आणि प्लेटलेटची संख्या अगदी ठीक येते. दरम्यान नाकातून वारंवार रक्त येणे, हिरड्यांतून किंवा दात काढल्यावर रक्त न थांबणे, किरकोळ धक्क्याने निळे डाग उठणे आणि मासिक पाळीत अतिशय रक्तस्राव होणे हे सुरूच राहते. फॉन विलेब्रांडचा विकार हा आनुवंशिक रक्तस्रावाच्या विकारांत सर्वाधिक आढळणारा आहे आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही होतो, पण पाळीमुळे स्त्रियांना तो अधिक सोसावा लागतो. ‘आमच्या घरात सगळ्यांना असेच जाते’ हे वाक्य या विकारात अनेकदा खरे असते, आणि ते खरे असणे हेच तपासणीचे कारण आहे.

तपासणी करताना दोराचे प्रमाण आणि त्याचे काम अशा दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात, कारण काही जणांत दोर पुरेसा असतो पण आखूड किंवा सदोष असतो. ‘ओ’ रक्तगटाच्या व्यक्तींत त्याची पातळी इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी असते, तर ताण, दाह आणि गरोदरपण यांत ती वाढते, त्यामुळे एका अहवालावर निष्कर्ष न काढता तपासणी पुन्हा करावी लागते.

काम मोजण्याची पद्धत विशेष आहे. रिस्टोसेटिन नावाचे एक प्रतिजैविक पूर्वी वापरात होते. त्याने रुग्णांच्या प्लेटलेट कमी होऊ लागल्या म्हणून ते बंद करावे लागले. पुढे १९७१ मध्ये लक्षात आले की निरोगी रक्तद्रवात ते मिसळले की प्लेटलेट एकमेकींना चिकटून गोळा होतात, पण फॉन विलेब्रांडच्या रुग्णाच्या रक्तात तसे होत नाही. जी झाकलेली पकड धमनीत प्रवाहाच्या ओढीने उघडते तीच हे औषध स्थिर नळीत उघडते. आजही अनेक प्रयोगशाळांत त्याचे थेंब रुग्णाचा रक्तद्रव आणि निरोगी प्लेटलेट यांच्या मिश्रणात टाकतात आणि गढूळ मिश्रण किती लवकर निवळते ते मोजतात. निवळले म्हणजे प्लेटलेट गोळा होऊन बाजूला झाल्या आणि दोर काम करतो आहे. गढूळच राहिले तर तोच दोष पुढे येतो जो ओलांड बेटांवरच्या त्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या होता.